रोज किती तेल? मार्शा मॅकनट आणि २०१० चा उन्हाळा

२८ एप्रिल २०१० ला अमेरिकी सरकारने एक आकडा जाहीर केला. मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या तेलविहिरीतून रोज ५,००० बॅरल तेल समुद्रात जातंय, असं सांगण्यात आलं. चार दिवसांपूर्वी हाच आकडा १,००० होता. मेअखेरीला तो १२,००० ते १९,००० झाला. १० जूनला २०,००० ते ४०,०००, १५ जूनला ३५,००० ते ६०,०००. विहीर बंद होऊन अडीच आठवडे उलटल्यावर, २ ऑगस्टला, शेवटचा आकडा आला: सुरुवातीला रोज ६२,००० बॅरल, बंद होताना ५३,०००.

म्हणजे तेल वाढत नव्हतं, उलट दिवसागणिक थोडं कमीच होत होतं. वाढत होता तो आकडा. घरबसल्या बातम्या पाहणाऱ्याच्या मनात यावरून दोनच शंका येणार: हे खोटं बोलताहेत, नाहीतर यांना काही कळत नाही. त्यातली पहिली शंका तेल कंपनीपुरती खरी ठरली, पण ते पुढे. हे प्रकरण आहे तो आकडा काढणाऱ्या गटाच्या प्रमुख बाईंचं. त्या तेल अभियंत्या नव्हत्या. समुद्राच्या तळाखालचा खडक किती कडक आहे, हे वर तरंगत्या जहाजावरून ओळखणं हा त्यांचा मूळ धंदा.

हिमालय कमी का ओढतो

मार्शा मॅकनट यांचा जन्म १९५२ चा, मिनियापोलिसचा. हे शहर अमेरिकेच्या पार पोटात. समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. १९७३ मध्ये कोलोरॅडो कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि मग त्या कॅलिफोर्नियात स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत गेल्या. १९७८ मध्ये डॉक्टरेट मिळाली. विषय होता खंडांचं आणि सागरतळाचं समस्थायित्व, म्हणजे पृथ्वीचं कवच खालच्या जड थरावर तरंगत कसं तोल सांभाळतं, ते.

या कल्पनेचं मूळ आपल्याच देशात आहे. एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन प्रकारांनी काढलं: एकदा जमिनीवर साखळीने आणि त्रिकोणांनी, एकदा ताऱ्यांच्या वेधावरून. दोन्हींत ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) फरक आला. जमिनीवर तो दीडशे मीटरच्या वर भरतो. ठपका ओळंब्यावर आला: हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढतं, म्हणून वेध चुकतात. कलकत्त्याचे आर्चडीकन (चर्चचे अधिकारी) प्रॅट यांनी १८५५ मध्ये ही ओढ किती असायला हवी, याचं गणित मांडलं, तर ती प्रत्यक्षापेक्षा तिप्पट निघाली. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नाही, याचा अर्थ त्याच्या पोटाखाली काहीतरी हलकं आहे. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी ओळंब्याच्या चुकीतून सापडलं होतं.

सव्वाशे वर्षांनी मॅकनटबाईंनी याच धाग्याचं दुसरं टोक धरलं. पृथ्वीचं कवच भाराखाली वाकतं, हे मान्य. पण किती वाकतं, म्हणजेच किती कडक आहे? १९७८ मध्ये त्यांनी एच. डब्ल्यू. मेनार्ड यांच्याबरोबर ताहितीच्या परिसरातल्या उचलल्या गेलेल्या प्रवाळबेटांवर शोधनिबंध लिहिला. माकाटेआ हे त्यातलं ठळक बेट. आजूबाजूची प्रवाळबेटं पाण्याच्या वर जेमतेम डोकं काढतात, आणि याचे कडे मात्र समुद्रातून ताठ उभे. कारण? पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळीवर मधोमध धोंडा ठेवा. फळी तिथे वाकते, आणि थोडं पलीकडे किंचित वर उचलली जाते. ताहिती आणि मोरेआ हे ज्वालामुखी म्हणजे तो धोंडा, आणि माकाटेआ नेमकं त्या उचललेल्या जागी बसलेलं. बेट किती वर आलं ते मोजायचं आणि त्यावरून तळाखालच्या फळीचा कडकपणा काढायचा. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण हातात आहे ते एका बेटाचं मोजमाप आणि उत्तर मिळतं ते तळाखाली कित्येक किलोमीटर खोल असलेल्या खडकाबद्दल.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेन्लो पार्क कार्यालयात तीन वर्षं भूकंपाच्या भाकितावर काम. १९८२ पासून एमआयटीत अध्यापन. पंधरा मोठ्या सागरी मोहिमा, त्यातल्या निम्म्याहून अधिक मोहिमांत मुख्य शास्त्रज्ञ. १९८७ मध्ये केरेन फिशर यांच्याबरोबर दक्षिण प्रशांतातल्या एका अवाढव्य उंचवट्याचं वर्णन: फ्रेंच पॉलिनेशियाखालचा सागरतळ त्याच्या वयाच्या मानाने असायला हवा त्याहून शेकडो मीटर उथळ आहे. ‘सुपरस्वेल’ हे त्याचं नाव तेव्हापासून रुळलं. आपला सह्याद्री ज्या तप्त ठिपक्याच्या (खोलातून वितळलेला खडक वर येतो ती जागा) लाव्ह्यातून घडला, त्याच जातीचे ठिपके तिथे दाटीवाटीने आहेत.

बोटीवरच्या बाईपणाबद्दल दोन ओळी. अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढणाऱ्या मेरी थार्प यांना कित्येक वर्षं संशोधन-जहाजावर पाऊल ठेवू दिलेलं नव्हतं; पुरुषांनी आणलेल्या आकड्यांवरून त्या किनाऱ्यावर बसून नकाशा काढत. त्यानंतर फार वर्षं गेली नव्हती, तोवर मॅकनट अमेरिकी नौदलाच्या पाणस्फोटक पथकाकडे आणि सील पथकाकडे स्फोटकं हाताळायला शिकत होत्या. तळाखालच्या थरांत कंपनं पाठवायला त्या काळी समुद्रात स्फोट करावे लागत, आणि ते करायला कुणीतरी जाणकार लागे. १९८८ मध्ये त्यांचे पती वारले. पदरात तीन लहान मुली. अमेरिकी भूभौतिकी संघाचं मॅकलवेन पदक मिळालं तेही त्याच वर्षी.

१९९७ मध्ये त्या पुन्हा कॅलिफोर्नियात येऊन मॉस लँडिंगच्या माँटेरे बे संशोधन संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि बारा वर्षं राहिल्या. ही संस्था ह्युलेट-पॅकार्डवाल्या डेव्हिड पॅकार्ड यांनी उभारलेली. तिचा सगळा भर खोल पाण्यातल्या दूरचलित यंत्रांवर: केबलच्या टोकाला कॅमेरा आणि हात असलेलं यंत्र, वर जहाजावर ते चालवणारा माणूस. हजार-दीड हजार मीटर खोलीवरचं चित्र पडद्यावर पाहायची त्यांना सवय झाली ती इथे. २०१० मध्ये ती उपयोगी पडणार होती, हे अर्थातच तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सहा महिन्यांची नवी साहेबीण

ऑक्टोबर २००९ मध्ये सिनेटने त्यांची नेमणूक मंजूर केली. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या त्या पंधराव्या संचालक आणि पहिल्या स्त्री संचालक. ही संस्था ज्या खात्याखाली येते त्याचं नाव ‘इंटिरियर’, आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्याचं भाषांतर हमखास ‘गृहखातं’ होतं. तसं ते नाही. सरकारी जमिनी, खनिजं, पाणी, राष्ट्रीय उद्यानं आणि समुद्रातले तेलपट्टे, असा त्याचा पसारा. त्यामुळे आखातातली विहीर थेट या खात्याच्या अंगणात होती.

१२ जानेवारीला हैती हादरलं, २७ फेब्रुवारीला चिली. नव्या संचालकांची सुरुवात भूकंपांनी झाली. मग २० एप्रिलच्या रात्री लुईझियानाच्या किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट झाला. रिगवर १२६ माणसं होती, त्यातली ११ गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि वर येणारा पाइप मोडून तळाशी पडला. विहिरीचं नाव माकोंदो, मालकी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची.

आपल्याकडे अशा अपघाताची आठवण म्हणजे २७ जुलै २००५. मुंबई २६ जुलैच्या पुरातून डोकं वर काढत असतानाच बॉम्बे हायचा उत्तरेकडचा प्लॅटफॉर्म जळाला आणि २२ जण मेले. पुराच्या बातम्यांत ती बातमी जवळपास वाहून गेली. पण बॉम्बे हायला पाणी सत्तर-ऐंशी मीटर खोल. तिथे पाणबुड्या जाऊ शकतो. माकोंदोचं तोंड दीड हजार मीटर खाली होतं. तिथे काय घडतंय ते फक्त दूरचलित यंत्राच्या कॅमेऱ्यातून दिसणार, आणि कॅमेऱ्यावर ताबा कंपनीचा.

मॅकनट ह्यूस्टनला बीपीच्या आणीबाणी कक्षात पोचल्या आणि त्या उन्हाळ्याचा मोठा भाग तिथेच राहिल्या. ऊर्जामंत्री स्टीव्हन चू, स्वतः भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांचे लोकही त्या खटपटीत होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तटरक्षक दलाचे थॅड ॲलन यांनी प्रवाहाचा दर ठरवण्यासाठी एक तांत्रिक गट नेमला आणि त्याची सूत्रं मॅकनटबाईंकडे दिली.

आकडा का हवा होता

तेल थांबवणं महत्त्वाचं, मोजत काय बसायचं, असं तेव्हा बीपी म्हणतच होती. वरवर पटण्यासारखंही आहे. पण थोडा विचार केला की ते टिकत नाही.

एक तर पैसा. अमेरिकी कायद्यानुसार सांडलेल्या तेलाचा दंड बॅरलमागे लागतो: त्या वेळी साधारण १,१०० डॉलर, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ४,३०० पर्यंत. म्हणजे आकडा दहा लाख बॅरलनी इकडे-तिकडे झाला की ४३० कोटी डॉलरपर्यंतचा फरक. ज्याला दंड भरायचा आहे त्याच्याच कॅमेऱ्यावर आकडा अवलंबून, असा तो मामला.

दुसरं, थांबवण्याचा प्रत्येक उपाय आकड्यावरच उभा होता. २६ ते २८ मे दरम्यान वरून जड चिखल दाबून विहीर बुजवायचा प्रयत्न झाला. तो फसला. ही युक्ती रोज १५,००० बॅरलपलीकडच्या प्रवाहापुढे टिकणार नाही, हे कंपनीच्या आतल्या हिशेबात होतं, असं नंतर उघड झालं. प्रत्यक्षात विहीर त्याच्या चौपट वाहत होती. पुढे जूनमध्ये मोडका पाइप कापून वर टोपण बसवलं आणि तेल जहाजावर घेणं सुरू झालं, तेव्हा जहाजच दिवसाला १५,००० बॅरल गोळा करू लागलं, आणि टोपणाच्या कडांनी तेल बाहेर उसळताना सगळ्या जगाला दिसत होतं. ५,००० ची लाज त्या एका दृश्याने काढली.

तो ५,००० आला होता मुख्यतः पाण्यावरचा तवंग पाहून. कोकणात किंवा गोव्यात पावसाच्या तोंडावर वाळूत पाय टाकला की तळव्याला डांबराच्या गोळ्या चिकटतात. त्या गोळ्या मोजून समुद्रात किती तेल सांडलं हे सांगता येईल का? अडचण तीच. काही तेल उडून जातं, काही विरघळतं, काही पाण्याच्या मधल्या थरात ढगासारखं पसरून राहतं आणि वर येतच नाही.

अनेक वाटा, अनेक उत्तरं

गटाने एकाच पद्धतीवर भिस्त ठेवली नाही. एका चमूने नासाच्या विमानातल्या वर्णपटमापकाने तवंगाची जाडी मोजली आणि जळालेलं, उपसलेलं, उडून गेलेलं तेल हिशेबात धरलं. दुसऱ्याने व्हिडिओतले भोवरे चौकटीगणिक किती पुढे सरकतात ते मोजून वेग काढला. तिसऱ्याने भूगर्भातल्या साठ्याचं प्रारूप मांडलं, चौथ्याने पाइपांतल्या अडथळ्यांचं गणित केलं. वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तर ३१ मे रोजी ध्वनिलहरी त्या झोतावर सोडल्या. महामार्गावरचा पोलिस गाडीचा वेग ज्या तत्त्वाने पकडतो, त्याच तत्त्वाने त्यांनी तेलाचा वेग पकडला. शिवाय टोपण बसल्यावर त्यातला दाब थेट मोजता आला आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांनी त्यावरून दर काढला.

वेग कळला तरी गुंता सुटत नव्हता. बाहेर येत होतं ते निव्वळ तेल नव्हतं, वायूही होता. झोतात वायू किती नि तेल किती, हे ठरवायला विहिरीच्या तोंडाशीच, तिथला दाब न सोडता नमुना भरून आणावा लागला. तो मिळाला २१ जूनला. तोवर प्रत्येक आकड्यात एक अंदाज दडलेला होता.

आता या प्रकरणातली चूक. २७ मे रोजी १२,००० ते १९,००० हा आकडा ‘सर्वोत्तम प्राथमिक अंदाज’ म्हणून जाहीर झाला. पण व्हिडिओ तपासणाऱ्या चमूने जे दिलं होतं ते ‘निदान एवढं तरी’ अशा जातीचं होतं. वरची मर्यादा त्यांनी बांधलीच नव्हती. ‘किमान’ हा शब्द जाहीर निवेदनाच्या वाटेत मागे पडला. आतल्यांना तो फरक स्पष्ट होता, बाहेरच्यांना नव्हता, आणि चमूतल्या काहींनी तो बोलून दाखवला. सरकारला आकडा लहान ठेवायचा होता का, असा सवाल त्यावरून उठला. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या चौकशी आयोगानेही सरकारच्या सुरुवातीच्या अंदाजांवर ताशेरे ओढले.

मला हा हेतुपुरस्सर केलेला डाव वाटत नाही. घाईत घडलेली, पण गंभीर चूक वाटते. शास्त्रज्ञ आपापसात बोलतात तेव्हा आकड्याच्या मागे-पुढे चिकटलेल्या शब्दांना आकड्याइतकीच किंमत असते. पत्रकार परिषदेत ते शब्द गळतात. गटाच्या प्रमुखाचं काम गणित करणं नव्हतंच, ते करायला माणसं होती. ते शब्द गळू न देणं, हे मात्र प्रमुखाचंच काम. तिथे मॅकनट कमी पडल्या. त्यांच्या बाजूने म्हणायचं तर, त्यानंतरच्या तीन आठवड्यांत नवी माहिती आली तसा त्यांनी आकडा दोनदा बदलला, तोही भरपूर वरच्या दिशेने. आपलंच गेल्या आठवड्याचं बोलणं खोडायला लागतं ते धैर्य मंत्रालयांत सहसा पाहायला मिळत नाही.

१५ जुलैची रात्र

१५ जुलैला दुपारी विहिरीच्या तोंडावर बसवलेलं नवं झाकण पूर्ण बंद केलं. ८७ दिवसांनी प्रवाह थांबला. टीव्हीवर आनंदीआनंद. ह्यूस्टनमध्ये मात्र सगळ्यांचे डोळे दाबाच्या काट्यावर.

भीती अशी होती: विहिरीचा पोलादी अस्तराचा पाइप आतून फुटलेला असेल, तर झाकण लावल्यावर कोंडलेलं तेल बाजूच्या खडकात घुसेल आणि सागरतळालाच चिरा पाडून बाहेर येईल. एक तोंड असलेली विहीर बंद करता येते. तळाला भेगा पडल्यावर बुच कुठे कुठे मारणार? म्हणून आधीच ठरलं होतं: दाब चौरस इंचाला ७,५०० पौंडांच्या वर गेला तर विहीर धड आहे, ६,००० च्या खाली राहिला तर गळते आहे, झाकण ताबडतोब उघडायचं. टायरवाला गाडीत तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, त्यावरून या दाबाची कल्पना यावी.

काटा ६,६०० च्या आसपास थांबला आणि मग अगदी सावकाश वर सरकू लागला. म्हणजे ना इकडे, ना तिकडे.

कमी दाबाची दोन कारणं संभवत होती. विहीर आतून गळत असेल, किंवा ८७ दिवस तेल वाहून गेल्याने साठाच ओसरला असेल. झाकण पुन्हा उघडून तेल सोडावं, असं म्हणणारे त्या कक्षात होते, आणि ते घाबरट नव्हते; चूक झाली तर ती सुधारता येणार नव्हती.

दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो त्या रात्री कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला पॉल शे यांच्याकडे गेला. शे हे मॅकनट यांच्या संस्थेतले भूजलाचे अभ्यासक. तेलाचा माणूस नव्हे, पाण्याचा. त्यांनी फोटोवरून आकडे उतरवून घेतले आणि रात्रभर बसून प्रारूप मांडलं. त्यासाठी वापरलेला प्रोग्रॅम होता ‘मॉडफ्लो’: बोअरवेलने भूजल किती खाली जाईल, हे काढायला जगभर वापरला जाणारा. सच्छिद्र खडकातून पाणी वाहतं त्याच नियमांनी तेल वाहतं. सकाळी त्यांचं उत्तर तयार होतं: विहीर धड आहे असं धरलं आणि साठा ओसरला असं धरलं, तर नेमका असाच दाब, अशाच संथ चढणीचा आलेख मिळतो. झाकण बंदच ठेवायचं ठरलं, आधी एक दिवस, मग आणखी एक दिवस. सप्टेंबरच्या १९ तारखेला विहीर कायमची बुजल्याचं जाहीर झालं. तळाला चिरा पडल्या नाहीत.

इथे आकड्याचं मोल कळतं. साठा किती ओसरला, हे किती तेल गेलं त्यावर अवलंबून. रोज ५,००० बॅरलच गेले असं धरलं असतं, तर ८७ दिवसांत साठा एवढा ओसरायचं कारणच नव्हतं. मग ६,६०० चा अर्थ एकच उरला असता: गळती. आणि झाकण उघडलं गेलं असतं. मोजत काय बसायचं, या सवालाचं उत्तर त्या एका रात्रीत मिळालं, असं मला वाटतं.

शे यांना पुढच्या वर्षी सर्वोत्तम संघराज्य कर्मचाऱ्याचा सन्मान मिळाला. मॅकनट यांनी त्याच सुमारास आपल्या संस्थेची रचना बदलली. भूविज्ञान, पाणी, जीवशास्त्र, भूगोल अशी विषयवार खाती मोडून आपत्ती, पाणी, ऊर्जा आणि खनिजं, परिसंस्था अशी प्रश्नवार विभागणी केली. सरकारी कचेरीत टेबलं हलवणं किती कठीण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मात्र भूजलवाल्याने तेलविहिरीचा निकाल लावल्यानंतर विषयांच्या भिंतींची बाजू घेणं कुणालाही थोडं अवघडच गेलं असेल.

आकड्याचं पुढे काय झालं

२ ऑगस्टच्या हिशेबाने एकूण ४९ लाख बॅरल, दहा टक्के कमी-जास्त. लिटरमध्ये साधारण ७८ कोटी. मॅकनट आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या अखेरीला राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात सगळ्या पद्धतींचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. पृष्ठभाग पाहून काढलेले अंदाज सातत्याने कमी आले, हे त्यात लिहिलंय. त्यांच्याच गटाच्या सुरुवातीच्या कामालाही ते लागू पडतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपीने फौजदारी गुन्हे कबूल केले. ११ मृत्यूंबरोबरच त्यांत अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत अडथळा आणल्याचा गुन्हाही होता, आणि तो नेमका प्रवाहाच्या दराबद्दल होता. बाहेर ५,००० सांगताना आत मोठे आकडे होते.

दिवाणी खटल्यात सरकार म्हणालं, समुद्रात सुमारे ४२ लाख बॅरल गेले. बीपी म्हणाली, २४.५ लाख. जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिये यांनी तिसराच आकडा धरला: विहिरीतून ४० लाख निघाले, ८.१ लाख गोळा झाले, उरले ३१.९ लाख. म्हणजे मॅकनट यांच्या गटाचा आकडा न्यायालयात जसाच्या तसा टिकला नाही. विहिरीला मीटर लावलेला नव्हता, त्यामुळे खरा आकडा कुणाच्याच वहीत नाही.

दोन खुर्च्या आणि एक शब्द

फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांनी सर्वेक्षण सोडलं आणि जूनपासून ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या मुख्य संपादक झाल्या, तिथेही पहिल्याच स्त्री. २०१४ मध्ये त्यांनी निबंधांतलं संख्याशास्त्र तपासायला वेगळं मंडळ नेमलं. २०१५ मध्ये मतदारांच्या मतपरिवर्तनावरचा एक गाजलेला निबंध मागे घेतला. ज्येष्ठ सहलेखकाने स्वतःच तशी विनंती केली होती, पहिला लेखक राजी नव्हता. त्यांच्याच कारकिर्दीत एका मुखपृष्ठावर पारलिंगी देहविक्रेत्या स्त्रियांची डोकी वगळून फक्त शरीरं छापली गेली, चौफेर टीका झाली आणि त्यांनी माफी मागितली. संपादक म्हणून हा डाग लहान नाही.

१ जुलै २०१६ ला त्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. १८६३ पासूनच्या इतिहासात पहिल्यांदा त्या खुर्चीवर स्त्री बसली. अकादमीचं सदस्यत्व म्हणजे तहहयात मान. एकदा आत गेलं की बाहेर काढायची सोयच नव्हती. २०१९ मध्ये सदस्यांच्या मतदानाने नियम बदलला: लैंगिक छळासह गैरवर्तन सिद्ध झालं तर सदस्यत्व जाऊ शकतं. २०२१ मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला. त्याच वर्षी निवडलेल्या १२० नव्या अमेरिकी सदस्यांत ५९ स्त्रिया होत्या. मेरी थार्प यांना बोटीवर न घेणारी पिढी आणि ही यादी यांच्यात एका आयुष्याएवढंच अंतर आहे.

न्यायालयाचा ३१.९ लाखांचा निकाल आला तेव्हा मॅकनट संपादक होत्या, आणि त्याच वेळी अकादमीच्या एका समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेणं, किंवा सूर्यप्रकाश परतवून पृथ्वी थंड करणं, अशा उपायांची ही तपासणी. जगभर या उपायांना ‘जिओइंजिनिअरिंग’ म्हणतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये समितीचे दोन अहवाल आले, आणि दोन्हींच्या नावांत तो शब्द नव्हता. त्याऐवजी ‘हवामानात हस्तक्षेप’ असं म्हटलं होतं. कारणही दिलं होतं: अभियांत्रिकी म्हटलं की जेवढा नेमकेपणा आणि जेवढा ताबा गृहीत धरला जातो, तेवढा इथे असेलच असं नाही.